नऊ तारीख

मी गुब्बिओच्या नोटरीकडचा कारकून.
कोण कुणाचं काय देणं लागतो ते लिहायचं,
तारीख टाकायची, शाईवर वाळू भुरभुरायची,
पान उलटायचं.

तो गुरुवार, चार ऑक्टोबर. संत फ्रान्सिसचा सण.
मेणबत्त्या विझवून आम्ही झोपलो,
उठलो तर शुक्रवार, पंधरा.

फर्मान तसं फेब्रुवारीतच निघालेलं.
चर्चच्या दारावर ठोकलेलं, लॅटिनमधलं,
म्हणजे शेळ्यांनी आणि आमच्यातल्या बहुतेकांनी
सारख्याच आदरानं पाहिलेलं.
पाद्री म्हणाला, सीझरच्या काळापासून
वर्षामागे अकरा मिनिटं
सूर्याचं देणं थकत आलंय,
आता दहा दिवस एकदम फेडायचे.
हे मला लगेच कळलं.
थकबाकी ही माझी मातृभाषा.

सकाळी पहिला आला तेबाल्दो, चामडं कमावणारा,
मागोमाग त्याचा घरमालक.
"या महिन्यात एकवीसच दिवस राहणार मी
तुझ्या उंदरांसोबत. मग भाडं पुरं कसलं?"
मालक म्हणाला, महिना तो महिना.
मी दोघांचंही लिहून घेतलं.

मग सुईण. कुणा पोरीचे दिवस
आठ तारखेला भरणार होते,
आता ते कुठल्या हिशेबात धरायचे?
मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली,
"पोटाला कुठे फर्मान वाचता येतं!"
आणि निघून गेली.

दुपार कलल्यावर ओर्तेन्सिया.
ओढ्यावर लोकांचे कपडे धुते ती,
पाण्यानं पांढरी पडलेली तिची बोटं
माझ्या मेजाच्या कडेवर.
तिचा बेरार्दो मागल्या वर्षी दगडखाणीत गेला,
नऊ तारखेला.
वर्षाच्या मिस्सासाठी तिनं पैसे भरलेत,
अंडी विकून, नाण्यावर नाणं.

"नऊ तारीख कुठाय?"
या वर्षी नाही, मी म्हणालो.
"नाही म्हणजे? नेली कुणी?"

मी रोमच्या दिशेला हात केला, उगाच,
खिडकी तर डोंगराकडे उघडते.

"पाद्री म्हणतो एकोणिसाला धर, देवाला कळतं.
देवाला कळेल रे. ह्याला कळेल का?
बोटांवर तारखा मोजायचा तो,
आणि डाव्या हाताची दोन बोटं
आधीच दगडाखाली गेलेली."

तेव्हा मी बोलू नये ते बोललो.
आल्प्सपलीकडे, जिथे पोपला मानत नाहीत,
तिथे अजून जुनंच चालू आहे.
तिथे आज पाच.
"म्हणजे नऊ तिथे आहे?"
आहे. चार दिवसांनी येईल.
"चालत किती लागतात?"
पंचवीस. पाय चांगले असतील तर.

तिनं मान डोलावली,
बाजारात माशाचा भाव ऐकून
टोपली पुन्हा डोक्यावर घ्यावी तशी.

संध्याकाळी वही उघडली.
चार तारखेची ओळ, तिच्याखाली लगेच पंधरा.
मध्ये केसाएवढीही फट नाही.
पुढे कधी विद्वान माणसं ही पानं चाळतील,
म्हणतील, काय अचूक काम,
सूर्याशी हिशेब चुकता झाला.
खरंच झाला असेल. ईस्टर वेळेवर येईल,
पेरण्या वेळेवर होतील,
मी कुठे नाही म्हणतोय?

फक्त शाईत न बुडवता, कोरड्या बोरूनं
त्या दोन ओळींच्या मधे दाबून लिहिलं:
बेरार्दो, दगडफोड्या, नऊ.
दिवा तिरका धरला तरच दिसतं.

एकोणीस तारखेला ओर्तेन्सिया ओढ्यावर नव्हती.
ती देवळात होती की पायवाटेवर
मी विचारलं नाही.
विसाव्या दिवशी
माझे सदरे धुऊन दारात ठेवलेले होते,
एक गुंडी कमी.

तेबाल्दोचा भाड्याचा दावा अजून चालू आहे.