गोडी छाटणी

"सोललेल्या द्राक्षांसारखे दिसतात," मिस गिलेस्पी म्हणाल्या.
इथे सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत,
डंडीत सहा वर्षं काढून मला हे त्या दिवशी कळलं.
स्क्रीनवर सुमेधच्या नाकातली गुहा,
आणि तिच्यात ओलसर, फिकट, देठाला लोंबणारे मणी.

मी तासगावची.
मला द्राक्षं कुणी सांगू नयेत.
शाळा सुटली की विरळणीला जायचे,
कात्रीने घडातले मणी कमी करायचे,
उरलेल्यांना फुगायला जागा हवी म्हणून.
इथे हवेलाच जागा नव्हती.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात.
याचं कुणी न दाबता उघडं, तीन वर्षं.
वर्गात त्याला मासा म्हणायचे.
तोही गालफडं आत ओढून मासा करून दाखवायचा.

आधी स्प्रे. मग गोळ्या. मग घामातलं मीठ मोजलं.
लहान वयात असे कोंब आले की मोजावंच लागतं म्हणे.
नऊ दिवस मी त्याच्या कपाळाचा पापा घेऊन
ओठांवरून जीभ फिरवत होते.
खारट लागायचं. कुणाचं नसतं?
रिपोर्ट चांगला आला.

ऑक्टोबरातला मंगळवार, टे नदीवर धुकं बसलेलं.
"मास्कला स्ट्रॉबेरीचा वास आहे, येतोय ना?" नर्सने विचारलं.
त्याने शहाण्यासारखी मान डोलावली.
खोटं.

आमच्याकडे याच महिन्यात गोडी छाटणी.
कापल्या जागी वेल टिपकते,
आणि अण्णा म्हणायचे, रडतेय म्हणजे मुळं जागी आहेत.
त्याच्या नाकातून रात्रभर गुलाबी टिपकत होतं.
मी कापूस बदलत होते.

मग मिठाच्या पाण्याच्या पिचकाऱ्या, रुसवे, लाच म्हणून बिस्किटं.
तिसऱ्या आठवड्यात मी सुकट भाजत होते,
तो दारात आला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा
रीतसर, हक्काने, नाक मुरडलं.
"शी! हे आपण खातो?"
मी गॅस बंद करून तिथेच फरशीवर बसले.
तो जवळ आला. "तुला पण येतो वास."
"कसला रे?"
"माहीत नाही. तुझा."

परत उगवू शकतात, हे त्यांनी आधीच सांगितलंय.
वेल कुठे एकदा छाटून थांबते.

काल रात्री तीनला दचकून उठले:
घोरणं नव्हतं.
अंधारात चाचपडत त्याच्या नाकाखाली बोट धरलं.
कोमट.
दोन्हीकडून.