मुंग्या

लेओकादिया गुडघ्यांसाठी चेखोचिनेकला गेली
त्याच्या नवव्या दिवशी
पंपाजवळच्या विटांवर कस्तूर मेलेला दिसला.

मेलेलाच. दुसरं काय म्हणणार?
दोन्ही पंख पसरलेले, शेपूट पोटाखाली मुडपलेली,
पिवळी चोच उघडी
आणि अंगभर मुंग्या.
जुलैची दुपार, नारेव नदी तळाला गेलेली,
कोबीनंसुद्धा माना टाकलेल्या.
एकतीस वर्षं मी शाळेची बस चालवली,
रस्त्यावर काय काय पाहिलं ते जाऊ दे.
पण हा आमचा होता.
पहाटे तीनला चेरीवरून गाऊन झोपमोड करणारा,
जिच्या झोपेची झाली तिनं एकदा
चप्पल भिरकावली होती त्याच्यावर,
आणि चुकचुकत मग दुपारी मनुके टाकले होते.

फावडं आणलं.
गूजबेरीच्या झुडपाखाली खड्डा खणला,
हातभर खोल, मांजरानं उकरू नये म्हणून.
घाम पुसत परत आलो
तर मढं हललेलं.

चोचीत एक मुंगी.
ती त्यानं डाव्या पंखाखाली घासली,
आपण काखेत साबण फिरवतो तशी.
टाकली. दुसरी उचलली.
स्वतःच्याच शेपटीवर पाय पडून कोलमडला,
सावरला, पुन्हा आडवा,
आणि डोळे असे मिटले
की मलाच पाठ फिरवावीशी वाटली.

"प्यायलाय," कुंपणापलीकडून ओनुफ्री.
"चेरी आंबल्या की होतं असं. माझा मेहुणा तर..."
हळू बोल, म्हटलं.
"किंवा उवा मारत असेल," तो हळू बोलला.
मग आम्ही दोघं,
मिळून एकशे एक्केचाळीस वर्षांचे,
एकाच फावड्याला टेकून उभे,
कोणाच्या तरी न्हाणीघराचं दार
चुकून उघडलेल्या माणसांसारखे,
माझ्या पायाला मुंग्या येईपर्यंत.

रात्री तिच्या कपाटातली बाटली काढली.
मुंग्यांचं स्पिरिट. औषधांच्या दुकानात मिळतं,
ती हिवाळाभर त्यानं गुडघे चोळते
आणि घर आंबट, झोंबरं होऊन जातं.
वीस हिवाळे मी खिडकी उघडत कुरकुरलो.
बूच काढून हुंगलं.
दुपारी विटांवर वाकलो तेव्हा
हाच तर येत होता,
आणि मला म्हणे ओळखीचा वाटला, कुठला ते आठवेना.

रविवारी फोनवर सांगितलं तिला.
हसली. खोकली. पुन्हा हसली.
"मला इथे रोज काळ्या चिखलात लोळवतात,
वीस मिनिटं, डोळे मिटून.
मीही तशीच दिसत असेन."
मग म्हणाली, "पण खड्डा कशाला खणलास?"
मेलाय वाटलं.
"जवळ जाऊन बघितलं नाहीस?"

लाइनवर नुसती खरखर.
तिच्या बाजूला कोणीतरी खुर्ची सरकवली.
बटाट्यांना कीड लागलीय, मी म्हटलं,
यंदा लवकर लागली.

सोमवारी पहाटे खड्डा बुजवायला गेलो
तर तो आधीच काठावर.
खालची ओली माती मी वर काढलेली,
तीवर मान तिरकी करून, कान देऊन
उभा, आणि मग सपकन
एक गांडूळ, लांबलचक, सुटता सुटेना,
त्यानं दोन्ही पाय रोवले,
मागे कलला,
स्वतःच्याच थडग्यातून न्याहरी ओढत राहिला.

मी फावडं पाठीमागे धरलं.
गुडघे कुरकुरले, तरी बसलो खाली,
दव पडलेल्या गवतावर,
या वेळी जरा जवळ.