चौथा भाग

सापडला म्हणे.
कुठल्याशा बंद पडलेल्या चर्चच्या तळघरात,
ओल लागलेल्या प्रार्थनापुस्तकांखाली, गंजक्या डब्यात.
फोनवर डग्लस नुसता ओरडत होता,
बहात्तरीचा माणूस, एक फुफ्फुस गोदीत ठेवून आलेला,
"नेव्हिल, चौथा! चौथा भाग!"

तेव्हा फीत महाग होती आणि गोष्टी स्वस्त.
एकदा दाखवलं की पुसून टाकायचं,
मिठाच्या ग्रहावर घोड्यांची शर्यत भरायची.
चित्र गेलं. आवाज तेवढा उरला,
तोही माझ्याकडे.

ग्रिम्सबी. ओळीतलं शेवटून दुसरं घर.
नोव्हेंबरातला शनिवार, सव्वापाच.
चॅपलात ऑर्गन वाजवणाऱ्या मिस्टर ऑल्डरसनचा
टेपरेकॉर्डर मागून आणलेला, उशीवर बसवलेला,
मायक्रोफोन टीव्हीच्या जाळीला टेकवून धरलेला,
आणि घरात सगळ्यांना ताकीद : शिंकायचंसुद्धा नाही.
वडील बोटीवर, आइसलंडच्या अलीकडे कुठेतरी.
त्यामुळे सगळे म्हणजे आई आणि मांजर.

टेपवर आधी रॉकेटचं दार कुरकुरतं,
मग पावलांखाली मीठ.
मग कॅप्टन हॅलिडे, घशाला कोरड पडलेली,
रेडिओत विचारतो :
"कुणी आहे का तिथे? ऐकतंय का कुणी?"
आणि अथांग अंतराळातून, अगदी स्वच्छ, उत्तर येतं :
"नेव्हिल, मासा गार होतोय."

मागोमाग एक फूत्कार.
तो मिठातला प्राणी नव्हे.
तो मी. अकरा वर्षांचा.
श्शू!

त्या टेपच्या प्रती निघाल्या, प्रतींच्या प्रती.
टोरांटोहून, ऑकलंडहून अनोळखी पत्रं यायची :
"खाल्लास का रे शेवटी? कोणता होता?"
हॅडॉक होता.
दिवसभर गोदीवर ती जो ढीग चिरायची त्यातलाच,
बोटांना चिंध्या गुंडाळून.
खाल्ला. गारच खाल्ला.
कॅप्टनचं काय होणार या काळजीत
चवीकडे लक्ष नव्हतं.

तर परवा शेफील्डला गेलो, दाखवणार होते.
दीडेकशे डोकी, बहुतेक पांढरी,
एकाच्या अंगावर तो चंदेरी कोट, पोटावर बटण न लागणारा.
दिवे गेले.
आणि काय सांगू,
आकाशाला इस्त्री नव्हती!
उजवीकडून डावीकडे सरळ एक घडी,
तिसरा सूर्य मधेच मिचमिचतो,
कॅप्टनची सावली पडते थेट नेब्युलावर.
ज्या प्राण्याने माझी वर्षभराची झोप खाल्ली
त्याच्या पाठीवर चेन, आणि ती निम्मी उघडी.
सगळे हसले. मीही हसलो, डोळे पुसत.

आवाज मात्र नवा, धुऊन काढलेला.
खरखर नाही, मांजर नाही,
आमच्या दिवाणखान्यातलं घड्याळ नाही.
दार कुरकुरलं. मीठ चुरचुरलं. डग्लसने माझं कोपर धरलं.
"ऐकतंय का कुणी?"

काहीच नाही.
चार सेकंद. मी मोजले.
इतकी मोकळी जागा होती तिथे
हे मला साठ वर्षांत ठाऊक नव्हतं.

मग मागच्या रांगेतून कुणी बाई,
मी वळून पाहिलं नाही कोण,
हलक्या आवाजात म्हणाली :
"नेव्हिल, मासा गार होतोय."
कुणी हसलं नाही.
मी गप्प राहिलो.

आणि एक गोष्ट, जी टेपवर कधी कळलीच नसती :
प्रश्न विचारून झाल्यावर
कॅप्टन रेडिओकडे बघत नाही.
मान वळवून मागे बघतो, दाराकडे.
दार कॅन्व्हासचं आहे.
थोडंसं हलतं.