पक्का रंग

शाळेच्या पुस्तकात तिला विजेरी म्हणत.
आमच्यात बॅटरी.
मी करतो ती करंगळीच्या दोन पेरांएवढी.
पोटात भुईमुगाच्या शेंगेएवढा सेल,
तोंडाशी तिळाएवढा दिवा,
बाकी सगळं अंग टायटॅनियमचं.

अक्कलकोट रोडला, चनबसप्पा माळग्यांच्या शेडमध्ये
जिथं मी लूमचे गिअर कापायचो
तोच लेथ, तेच स्टूल.
माळगे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात,
"टॉवेलचा धंदा बसला,
तसा ह्यानं डोक्यात बल्ब पेटवून घेतला."
म्हणू देत. भाडं घेतात निम्मंच.

हट्टी धातू.
टूल लावलं की टूललाच चिकटतो,
तापतो, आणि ताप कुणाला देत नाही.
किस पेटला तर पाणी मारायचं नाही,
म्हणून पायाशी वाळूची बादली.
एकदा पेटला. मे महिना, बाहेर चव्वेचाळीस,
आणि घमेल्यात असा पांढरा जाळ
की पत्र्याला किती भोकं आहेत ते मोजता आलं.
तेवढा उजेड माझ्या साऱ्या बॅटऱ्या मिळून देणार नाहीत.

झिर्कोनियमची तऱ्हा वेगळी.
लाल होईतो भाजला की काळा पडतो,
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा,
पण खरवडून निघत नाही.
आटे शेवटी.
टोपण फिरवताना अखेरच्या आट्याला
आतली हवा फुस्स म्हणाली
की समजायचं, जमलं.

नायना चाळीस वर्षं डाय हाऊसला.
कोपरापर्यंत निळे.
लग्नाच्या फोटोत दोन्ही हात काळे आलेत,
अम्माच्या हातात दिलेला हातसुद्धा.
त्यांच्यापुढं मी सोड्याच्या पाण्यात
नळी बुडवली, तारा जोडल्या, बटण फिरवलं.
तीस व्होल्टला निळी.
आणखी चढवलं असतं तर सोनेरी, मग वांगी.
थांबलो निळ्यावर.

"रंग कुठून आला?"
रंग नाही, नायना. वर पापुद्रा धरतो.
इतका पातळ, की उजेडच फसतो.
"म्हणजे फसवणूक."
मी हो म्हणालो.

मग त्यांनी बनियनची पांढरी पट्टी फाडली,
बॅटरीच्या रिकाम्या नळीला गुंडाळली, दोऱ्यानं बांधली,
साबण-सोडा घालून अर्धा तास उकळली
चहाच्या पातेल्यात. अम्मा तेलुगूत काय काय बोलली
ते इथं लिहीत नाही.
पट्टी निघाली पांढरीच्या पांढरी.
खिडकीत धरून त्यांनी ती दोन्हीकडून पाहिली,
मग नळीवर अंगठा दाबला, जोरात.
निळ्यावर अंगठ्याएवढं पिवळसर उमटलं.
"बघ. गेला!"
केवढा आनंद.
मी फडक्यानं पुसलं. निळं परत.
नायनांनी पुन्हा दाबलं. मी पुन्हा पुसलं.
असं किती वेळ चाललं कोण जाणे.

घेणारा परदेशात आहे.
त्याच्याकडे तीनशे आहेत, काचेच्या कपाटात.
सेल गळेल म्हणून एकही पेटवत नाही.
पैसे वेळेवर पाठवतो.
हे ऐकून नायना म्हणाले,
"मग दिवा कशाला घालालास आत?"
मी आटे साफ करत राहिलो.

त्या रात्री लाइट गेली.
परसातल्या संडासापर्यंत
एक छोटा गोल उजेड चालत गेला,
मधे पेरूच्या झाडाशी थांबला,
वर गेला, फांद्यांत कायतरी बघितलं,
खाली आला.
किती रुपये, त्यांनी विचारलं होतं.
पाचशे, मी सांगितलं होतं. दोन शून्यं गिळून.
"महाग आहे," म्हणाले.

सकाळी ती चष्म्याच्या डब्यात सापडली.
अंगावर तोच पिवळसर अंगठा.
कुरिअरवाला दारात उभा होता,
मी सेल काढला, कापसात ठेवली, पेटी बंद केली.

महिन्यानं निरोप आला:
सुरेख आहे, फक्त एका जागी रंग बदललेला दिसतो.
मी कळवलं, कोरड्या फडक्यानं पुसा.
त्यानंतर काही आलेलं नाही.