चार-दहा

टेबलाच्या खालच्या खणात एक घड्याळ आहे,
काळ्या रबरी पट्ट्याचं, वीस डॉलरचं.
रोज चार-दहाला वाजतं
आणि समोर जो बसलेला असेल तो दचकतो.
माझ्यासमोर बसणारे तसेही दचकतातच.

क्लीव्हलंडमध्ये एकतीस वर्षं हेच केलं.
खून नाही, दरोडा नाही.
माझ्या अशिलांच्या बोटांना लागलीच तर शाई,
आणि हल्ली तीही नाही.
वडील लोखंडाच्या भट्टीवर होते,
त्यांच्या नखांतलं काळं काढायला आईला दात घासायचा ब्रश लागायचा.
मी वकील झाले तेव्हा त्यांनी आमच्या स्लोव्हेनियनमध्ये विचारलं,
"म्हणजे चोरांची?"
"हो, पण इस्त्रीच्या कपड्यांतल्या."
ते हसले नाहीत.

आधी सहा वर्षं पलीकडच्या टेबलाशी होते, सरकारच्या.
तिथून आकडा दिसायचा, माणूस दिसायचा नाही.
इकडे आल्यावर माणूस दिसू लागला,
आणि काही वर्षांनी पुन्हा आकडाच.

काम म्हणजे वाचणं.
नऊ लाख ईमेल, त्यांत वाढदिवस, मूळव्याध, कोणाच्या तरी कुत्र्याचं ऑपरेशन,
आणि कुठेतरी एक ओळ असतेच:
"हे फोनवर बोलू या."
एवढी एकच ओळ बुडवते.

शिक्षेचा तक्ता असतो,
एकीकडे डॉलर, दुसरीकडे महिने,
वाण्याच्या दुकानातल्या भावफलकासारखा.
मी त्यात घासाघीस करते.
हे मी चांगलं करते.

वेंडेल प्रुइट हिशेबनीस होता, वृद्धाश्रम चालवणाऱ्या एका कंपनीत.
मेलेल्या म्हाताऱ्यांच्या नावाने औषधांची बिलं.
"मी फक्त सही करत होतो," तो म्हणाला.
सगळेच आधी असं म्हणतात.
त्याने मात्र तिसऱ्या भेटीत
वहीच्या पानावर नावं लिहून आणली, एकशे बारा,
आणि विचारलं, ही न्यायाधीशांना वाचून दाखवू का?
मी पान घडी करून फाइलमध्ये ठेवलं.
"नको," म्हटलं.
वकील म्हणून ते बरोबर होतं.

सरकारला हवे होते एकाहत्तर महिने, मी सत्तावीसवर आणले.
त्या रात्री ऑफिसने मला स्टेक खाऊ घातला.

बायको, कोरीन, पोहोचवायला यायला तयार नव्हती.
म्हणून फेब्रुवारीत मीच गाडी काढली,
वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरापर्यंत, साडेतीन तास.
तो वाटभर विचारत होता, आत काय चालतं.
चष्मा चालतो. अंगठी चालते, खडा नसलेली.
फाटकापाशी त्याने घड्याळ काढलं,
गजर बंद करायला गेला, जमेना.
हिशेबनीस माणूस, पण मुलीने लावून दिलेला गजर.
"चार-दहाला तिचा पोहण्याचा क्लास सुटतो," म्हणाला,
"कोरीनला द्या."

परत येताना बर्फ, वायपर,
आणि शेजारच्या रिकाम्या सीटवर ते वाजलं.
मी गाडी कडेला घेतली. का, ते मला आजही सांगता येत नाही.
क्लासबाहेर एक मुलगी उभी असेल, केस ओले,
किंवा नसेलही, कोरीन गेली असेल.

कोरीनला तीनदा फोन केला.
तिसऱ्यांदा ती म्हणाली, "तुम्हीच ठेवा."
सत्तावीस महिने झाले, तो सुटला, आला नाही.
सहाव्या वर्षी सेल संपला.
चार डॉलर देऊन मी नवा घालून आणला.

आमचा तास सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत कापलेला असतो.
त्या दिवसाचे सात तास मी बिलात लावले.
मग खोडले.
मग, महिनाअखेरीला, पुन्हा लावले.

आज नवा माणूस आला आहे, बँकेचा, छान टाय.
"मी फक्त सही केली," इथवर तो आलाच होता,
तेवढ्यात खणात वाजलं.
तो दचकला. मग सभ्यपणे म्हणाला,
"तुम्हाला कोणाला आणायला जायचंय का?"

नाही, म्हटलं.
बोला.