दुकान वाढवलं

हॅलिफॅक्सच्या वृद्धाश्रमात माझी पहिलीच रात्रपाळी.
मॉरीन जिन्यातून ओरडली,
'सातचा अलार्म गॉन ऑफ!'
मी म्हटलं, बरं झालं, बंद पडला एकदाचा,
आणि चहात बिस्कीट बुडवलं.

वर मिस्टर अ‍ॅक्रॉइड पलंगाखाली,
बरगडीवर हात दाबून.
फार लागलं का?
'नॉट बॅड, लव्ह.'
शब्दकोशात याचा अर्थ, वाईट नाही.
एक्स-रेत याचा अर्थ, दोन ठिकाणी मोडलंय.

मग शिकत गेले.
ऑफ म्हणजे सुरू.
चहा विचारल्यावर 'आयम ऑलराइट' म्हणजे नको.
डॉक्टर 'इंटरेस्टिंग' म्हणाले की फाइल जाड होते.
मॅनेजरबाईंनी 'विथ रिस्पेक्ट' म्हणून सुरुवात केली
की पुढे आदर सोडून सगळं येतं.
आणि लीड्सची मुलगी फोनवर म्हणाली,
आम्ही यायलाच हवं हो एकदा, लवकरच,
की त्या रविवारी कोणी येत नाही.
तरी ते दर रविवारी
खिडकीजवळची खुर्ची पुसून घ्यायचे.

एकदा पाळी संपताना मी दारातून म्हटलं, 'येते हं.'
तोंडातून मराठीच निसटली.
म्हणजे काय, त्यांनी विचारलं.
म्हणजे, मी येते.
'पण तू तर चाललीस.'
हो. जाते म्हणायचं नसतं आमच्यात.
त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला.
'आणि डाफ्ट आम्ही?'

मग मीही पोतडी उघडली.
बांगडी फुटली तर ती वाढली.
नारळ फोडला तर वाढवला.
मंगळसूत्र तुटलं तर...
तिथं मी उशी सारखी करत राहिले.
आणि रात्री दुकान बंद करायचं झालं,
तर म्हणायचं, दुकान वाढवलं.

त्यांचं दुकान होतं सोवर्बी ब्रिजला,
खिळे, बिजागऱ्या, कुलपं,
खिळे वजनावर, कागदाच्या पुडीत.
हमरस्त्यावर सुपरस्टोअर आलं
आणि एका शनिवारी शटर खाली गेलं ते गेलंच.
ते इतके हसले की नाकातली नळी सुटली.
'बँकेला हेच कळवायला हवं होतं मी.'

नोव्हेंबरात त्यांनी जेवण सोडलं.
माझा रोजचा प्रश्न, त्यांचं रोजचं 'नॉट बॅड.'
तक्त्यात वेदनेच्या रकान्यात
मी नऊ लिहायची.
नवी डॉक्टर म्हणाली, त्यांनी स्वतः सांगितलं नऊ?
मी म्हटलं, स्वतः.

त्या सकाळी खिडकीबाहेर नुसतं धुकं,
समोरची गिरणी दिसत नव्हती.
मी कोट चढवला, दिवा बारीक केला,
काहीच बोलले नाही.
डोळे मिटलेलेच, आणि ते म्हणाले,
'येटे.'

त ऐवजी ट.
आणि स्त्रीलिंगी, माझंच उचललेलं.
दुरुस्त करायला वेळ होता,
बस वीस मिनिटांनी होती.
केलं नाही.