उलटा एन

मेकन शहराबाहेर डांबर संपून लाल माती सुरू होते
तिथं पाइनखाली मी गुडघे टेकून बसते.
बादलीभर पाणी, मऊ ब्रश, बांबूच्या काड्या.
तारेचा ब्रश मी गाडीतसुद्धा ठेवत नाही.
मोह वाईट.

नेमणुकीच्या कागदावर माझं पद दीड ओळीचं आहे.
मिस ओडेसा टार्व्हर म्हणतात, आली का दगडांची पोर.
चोपन्नाव्या वर्षी कुणी पोर म्हणतं,
मी दुरुस्त करत नाही.

तसे हे दगडही नाहीत.
दगड नदीपलीकडच्या टेकडीवर, लोखंडी कुंपणात,
त्यांना दरसाल निधी, पितळी फलक, वाटाड्या.
इथं लुशियस हॅमॉक नावाचा गवंडी
दिवसभर लोकांचे जिने ओतायचा,
उरलंसुरलं सिमेंट रात्री डब्यातून घरी आणायचा,
खोक्याच्या फळ्यांचा साचा करायचा
आणि ओल्यावरच खिळ्यानं नाव लिहायचा.
कडेनं पोरांच्या गोट्या, शिंपले,
फुटक्या बशीची निळी फुलं,
एकीवर तर मोटारीच्या दिव्याची काच,
अजून संध्याकाळी पेटते.

त्याचा एन उलटा.
हॅनाचे दोन्ही उलटे.
बेंजामिनचा शेवटचा तेवढा सुलटा पडलाय,
मधेच कुणी जेवायला हाक मारली असेल.

माझ्या वडिलांच्या खांद्यावर छिन्नी-हातोड्याची पिशवी असायची.
बार्शीच्या गल्ल्यांतून ओरडत जायचे,
पाट्याला टाकी, जात्याला टाकीऽ
टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, म्हणतात.
टाकी धरणाऱ्याला काय येतं, ते म्हणीत नाही.
त्यांना खोकला आला.
त्यांनी टाकलेल्या एकाही पाट्यावर त्यांचं नाव नव्हतं,
आणि मसाला तर घरोघर बारीक व्हायचा.

हे सगळं माहीत असून मी ते केलं.

मागच्या महिन्यात कचेरीच्या तळघरात
या जागेची जुनी फाइल सापडली.
शैली : नाही. कर्ता : अज्ञात.
महत्त्व : मर्यादित.
निळी शाई, घाईचं, डावीकडे कललेलं अक्षर.
माझं.
नोकरीचं पहिलं वर्ष, दिवसाला सहा जागा,
मी बहुतेक गाडीतूनही उतरले नव्हते.
त्या एका शब्दाचा आधार घेऊन
रस्ता चौदा फूट आत आला.

आता यंत्र फिरवून खुणा करतोय,
जमिनीखाली जिथं माती हललेली दिसते
तिथं जमारिया गुलाबी झेंडी रोवतो.
एकसष्ट झाल्या.
डांबराच्या कडेला येऊन तो थांबतो,
उरलेल्या झेंड्या हातात तशाच.

मी मिस ओडेसांना सांगितलं.
फाइल पुढं केली, अक्षरावर बोट ठेवलं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
म्हणाल्या, माझा भाऊ तिथं आहे,
त्या बाहेरच्या लेनमध्ये, जिथून ट्रक जातात.
अकरा दिवसांचा होता.
लुशियसनं त्याचा पैसा घेतला नव्हता.
मग बराच वेळ त्या ट्रक मोजत बसल्या.
मला माफ केलं की नाही, मी विचारलं नाही.
विचारायचं नसतं.

आज सकाळी त्यांनी स्वतःच फळ्या आणल्या.
कुंपणाच्या आतल्या बाजूला, रस्त्याकडे तोंड करून,
साचा बसवला, मी माल कालवला.
एप्रनच्या खिशातून त्यांनी चार गोट्या काढल्या,
एक परत ठेवली.
नाव नेथन.
इंग्रजीत पहिलंच अक्षर एन, शेवटचंही.

खिळा माझ्या हातात.
सुलटा लिहिला तर माझा.
उलटा लिहिला तर नक्कल, चोरी,
अठ्ठावीस वर्षं शिकले ते सगळं याच्या विरुद्ध आहे.
जमारिया माझ्याकडे बघतोय.
वरून एक ट्रक गेला, ओल्या मालावर बारीक थरथर.

मिस ओडेसा म्हणाल्या,
पोरी, घट्ट होतंय.